जिभेखालचा पडदा आणि लेसरची घाई

बाळ जोरात रडलं की जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसतो. तो सगळ्यांनाच असतो; आरशासमोर जीभ टाळूला लावली तर आपलाही दिसेल. काही बाळांत मात्र तो आखूड किंवा जाड असतो, नाहीतर थेट जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. अशा बाळाने जीभ उचलायचा प्रयत्न केला की टोकाला खाच पडते आणि जीभ पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. घरातली मोठी माणसं म्हणतात, जीभ चिकटलेली आहे. दवाखान्यात म्हणतात, टंग-टाय आहे. आणि हल्ली आठ-दहा दिवसांच्या बाळाचे आईवडील मोबाइलवरचा फोटो पुढे करून पहिलाच प्रश्न विचारतात, ‘‘डॉक्टर, लेसर करून टाकायचं का?’’

प्रश्न रास्त आहे, पण वेळेआधीचा आहे. दूध पिण्यात खरंच अडचण आहे का, आणि असली तर ती या पडद्यामुळेच आहे का, या दोन गोष्टी आधी बघायच्या असतात. त्या कळल्यावर कापायचं की नाही ते ठरतं. कशाने कापायचं हा त्याच्याही नंतरचा आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत लहान मुद्दा. जाहिरातीत मात्र तोच सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतो.

दूध ओढताना जीभ काय करते ते आधी पाहू. बाळ नीट लागलं की स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळसर भागही तोंडात जातो आणि स्तनाग्राचं टोक कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो त्याच्या जवळपास पोचतं. जीभ खालच्या हिरडीवर पसरते, कडा उचलून खोलगट होते आणि मग तिचा मधला भाग खाली जातो. तोंडातली पोकळी वाढते, दाब कमी होतो, दूध येतं. ऑस्ट्रेलियात डोना गेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनपान चालू असताना अल्ट्रासाउंड करून ही हालचाल टिपली. टंग-टाय असलेल्या बाळांवरचं त्यांचं काम २००८ साली प्रसिद्ध झालं. जीभ अडकलेली असली की ती पोकळी नीट तयार होत नाही आणि बाळ स्तनाग्र चेपून दूध काढायला बघतं. आईला कळ येते. स्तनाग्र बाहेर येतं तेव्हा एका बाजूने चपटलेलं असतं, कधी त्यावर आडवी पांढरी रेघ उमटलेली असते. पकड सुटताना टक्-टक् आवाज येतो. बाळ तासभर छातीशी असतं आणि तरी उपाशी उठतं.

अडचण अशी की यातली प्रत्येक खूण नुसत्या उथळ पकडीमुळेही दिसते, आणि उथळ पकड टंग-टायपेक्षा कितीतरी जास्त आढळते. आपल्याकडे बाळाला मांडीवर उताणं ठेवून, त्याची मान वळवून, स्तनाग्र दोन बोटांच्या कात्रीत धरून तोंडात द्यायची सवय आहे. मान वळलेली असताना गिळणं अवघड असतं (आपण स्वतः खांद्याकडे मान वळवून पाण्याचा घोट घेऊन पाहावा), आणि कात्रीची बोटं नेमकी तिथेच येतात जिथे बाळाचा खालचा ओठ टेकायला हवा. आधी हे सुधारायचं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. हात डोक्यामागे न ठेवता मानेच्या मुळाशी आणि खांद्याला ठेवायचा, म्हणजे डोकं किंचित मागे जाऊ शकतं. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाकडे रोखायचं, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं. स्तन बाळाकडे ढकलायचा नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, आणि वरच्यापेक्षा खालचा काळसर भाग जास्त आत गेलेला: पकड जमल्याची ही खूण. हे एका बैठकीत जमत नाही. दोन-तीन दिवस कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

सोबत वजन बघायचं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी. हे सगळं जागेवर असेल आणि आईला दुखत नसेल, तर जीभ कितीही बदामासारखी दिसो, ती तशीच राहू द्यावी. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या अहवालात म्हटलं आहे की टंग-टायची लक्षणं दिसणाऱ्या बाळांपैकी निम्म्यांहून कमी बाळांनाच स्तनपानात अडचण येते.

न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात एक समान तपासणीपद्धत ठरवली आणि स्तनपानाची मदत वाढवली. २०१५ मध्ये तिथे ११.३ टक्के बाळांचा पडदा कापला जात होता. २०१७ च्या मध्यापर्यंत हे प्रमाण ३.५ टक्क्यांवर आलं, आणि स्तनपानाचं प्रमाण घटलं नाही. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पडदा कापण्यासाठीच पाठवलेल्या ११५ बाळांची आधी दूध पिण्याच्या दृष्टीने नीट तपासणी झाली. त्यांतल्या ६२.६ टक्के बाळांना कापण्याची गरजच पडली नाही. हे आकडे मला या विषयात सगळ्यांत मोलाचे वाटतात, कारण ते कुठल्याही यंत्राबद्दल काही सांगत नाहीत.

उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी हा छोटा छेद खरंच उपकारक ठरतो. उपलब्ध चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळं होती. छेदानंतर आईचं दुखणं थोड्या काळात कमी झालेलं दिसलं. बाळाच्या दूध पिण्यावरचा परिणाम मात्र सगळीकडे सारखा नव्हता. रक्त येणाऱ्या स्तनाग्रांनी दिवसातून दहा वेळा पाजणाऱ्या बाईला ‘दुखणं कमी होतं’ ही लहान गोष्ट नाही. स्तनपान लवकर सुटतं त्यामागे पुष्कळदा हे दुखणंही असतं. म्हणून घाई जशी नको, तशी योग्य बाळाच्या बाबतीत दिरंगाईही नको.

तपासणी फोटोवरून होत नाही. डॉक्टर आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर आणि पाय आईकडे. दोन्ही तर्जनी जिभेखाली सरकवून जीभ वर उचलायची. ब्रिस्टल पद्धतीत चार गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात: टोकाचा आकार, पडदा खालच्या हिरडीला कुठे जोडला आहे, रडताना जीभ किती उचलली जाते, आणि ती किती बाहेर येते. एकूण गुण आठ; त्यांपैकी तीन किंवा त्याहून कमी आले तर हालचाल बरीच कमी समजायची. त्यानंतर हातमोजा घातलेलं बोट चोखायला द्यायचं. जीभ बोटाखाली पसरून धरते की हिरड्याच चावतात, हे बोटाला लगेच कळतं.

‘मागचा टंग-टाय’ किंवा ‘लपलेला टंग-टाय’ असं निदान हल्ली सहज होतं. त्याबद्दल सावध राहावं. निकी मिल्स आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या शरीररचनेच्या अभ्यासात दिसलं की हा पडदा म्हणजे मधोमध ताणलेली सुटी दोरी नाही. तोंडाच्या तळावर पसरलेलं पातळ आवरण जीभ उचलली की वर ओढलं जातं आणि त्याची घडी पडते. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोटं दाबून जीभ मागे ढकलली तर जवळजवळ कुणाच्याही तोंडात ‘दोरी’ दाखवता येईल. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कापणाऱ्याने कायम लक्षात ठेवण्याजोगी आहे: जिभेच्या संवेदनेच्या नसेच्या फांद्या या आवरणाच्या अगदी लगत, वरवर असतात. खोल जाण्यात फायदा नाही, धोका आहे.

कापण्याआधी चार गोष्टी विचारायच्याच. जन्मल्यावर जीवनसत्त्व ‘के’चं इंजेक्शन दिलं होतं का? घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का? बाळाची हनुवटी फार लहान आणि मागे आहे का? अशा बाळाची जीभ मोकळी केली तर ती मागे पडून श्वास अडू शकतो. आणि अंग फार सैल आहे का? सैल स्नायूंच्या बाळाचं दूध ओढणं पडदा कापून सुधारत नाही, आणि खरं निदान मात्र लांबतं.

आता लेसर. ‘लेसर’ म्हणून दवाखान्यात जे दिसतं ते एकच यंत्र नसतं. दंतवैद्यांकडे सर्वाधिक असतो तो डायोड, ८१० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याचा प्रकाश पाण्यात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे प्रकाश वाहून आणणाऱ्या काचेच्या उघड्या तंतूतून तो ऊतीत काही मिलिमीटर खोल शिरतो. म्हणून वापरण्याआधी तंतूचं टोक बुचावर किंवा गडद कागदावर टेकवून काळं करून घेतात. मग प्रकाश त्या काजळीत शोषला जातो, टोक शेकडो अंश तापतं आणि ते तापलेलं टोकच कापतं. म्हणजे नाव लेसरचं असलं तरी काम बरंचसं डाग देण्याचं. १ ते १.५ वॉटवर, हात सतत हलता ठेवून ते छान होतं. टोक नीट काळं केलं नसेल किंवा हात एका जागी रेंगाळला, तर कडा पांढऱ्या-काळ्या होतात, खालची ऊती भाजते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ दूध सोडतं. कार्बन डायऑक्साइड लेसर १०,६०० नॅनोमीटरचा. तो पाण्यात लगेच शोषला जातो, न टेकता कापतो, उष्णता वरच्या थरातच राहते आणि बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. अर्बियम जातीचे लेसर २,९४० किंवा २,७८० नॅनोमीटरचे. पाण्याच्या फवाऱ्याबरोबर चालतात, भाजणं सगळ्यांत कमी, पण रक्त थोडं जास्त झिरपतं.

आणि कात्री? नवजात बाळाच्या पातळ, जवळजवळ पारदर्शक पडद्याला बोथट टोकाची कात्री पुरते. खाचेच्या पट्टीने जीभ उचलायची, एक छेद, रक्ताचे दोन-चार थेंब, बाळ लगेच छातीशी. कात्रीपेक्षा लेसर सरस असल्याचा पुरावा नाही, असं २०२४ चा तोच अहवाल सांगतो. जाड, रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा असेल, मूल मोठं असेल, तर कोरड्या जागेत दिसत-दिसत कापता येणं ही लेसरची खरी सोय आहे. हात सरावाचा असेल तर पालकांनी यंत्रावरून वाद घालू नये. त्याऐवजी, कापल्यानंतर पकड पाहायला कोण बसणार आहे, हे विचारावं.

लेसरच्या खोलीत काय असायला हवं ते पालकांनाही डोळ्यांनी तपासता येतं. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेले चष्मे खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर, बाळाच्याही. दाराबाहेर सूचना. धूर ओढणारी नळी छेदाच्या अगदी जवळ, कारण त्या धुरात जळलेल्या ऊतीचे कण असतात. ओलं गॉझ हाताशी. ऑक्सिजनचा उघडा झोत आसपास नको; लेसर आणि ऑक्सिजन एकत्र आले की आगीचा धोका.

बाळाला पोटभर पाजून लगेच आणायचं नाही. नंतर लगेच पाजायचं असतं, तेव्हा ते थोडं भुकेलं हवं. खांद्यापासून घट्ट दुपट्यात गुंडाळायचं, मदतनिसाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं. दुखू नये म्हणून लहान बाळाला २४ टक्के साखरेच्या द्रावणाचे थेंब किंवा आईचं दूध. बेन्झोकेनची बधिर करणारी जेल मुळीच नाही. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटू शकते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना दात येतानाही ती लावू नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. जागा बधिर करायला लिडोकेनची सुई द्यायचीच झाली तर वजन करून. मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम, आणि २ टक्क्यांच्या द्रावणात एका मिलीलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. ४ किलोच्या बाळाला पूर्ण एक मिलीलिटरसुद्धा जास्त होतं.

छेद घ्यायचा तो जिभेच्या बाजूला, पडद्याच्या मध्याजवळ, आडवा. तोंडाच्या तळाशी दोन बारीक उंचवटे दिसतात; ती लाळेच्या नळ्यांची तोंडं. तिथे भाजलं तर व्रण धरून नळी बंद होते आणि पुढे जिभेखाली निळसर, फुगलेली गाठ येते. शेजारच्या निळ्या शिरा तर डोळ्यांना दिसतातच. पडदा सुटला की जखम आपोआप हिऱ्याच्या आकारात उघडते. तळाशी स्नायू दिसला की थांबायचं. लेसरचा प्रत्यक्ष वेळ बहुधा मिनिटाच्या आतबाहेर. रक्त आलं तर गॉझने दाबून धरायचं आणि पाजायचं. चोखताना जीभच जखमेवर दाब देते. घरी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, तर थेट रुग्णालय गाठायचं.

एक ते चार वर्षांचं वय यासाठी सगळ्यांत अडचणीचं. मूल झगडतं, चावतं, आणि नंतर ते लक्षात ठेवतं. त्या वयात गरज खरीच असेल तर पूर्ण भूल देऊन करावं. नसेल तर थांबावं. धरून-दाबून लेसर चालवण्याला माझा ठाम विरोध आहे.

दुसऱ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळा थर दिसतो आणि आजी घाबरून म्हणते पू झाला. तो पू नाही, भरणाऱ्या जखमेवरचं आवरण आहे. आठ-दहा दिवसांत विरतं. त्यावर हळद, तूप, वेखंड, मध काही लावायचं नाही. एक वर्षाच्या आत मध तर कशासाठीच नाही, त्यातून बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. पॅरासिटामॉल लागलं तर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि तीन महिन्यांखाली फक्त डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. इथे चूक होते ती बाटलीत. आपल्याकडच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये मात्र पाच मिलीलिटरला १२० किंवा १२५, नाहीतर २५० मिलिग्रॅम. ४ किलोच्या बाळाला थेंबांचं औषध अर्ध्या मिलीलिटरच्या आसपास बसतं. सिरपच्या हिशोबाने थेंब दिले तर मात्रा कित्येक पट होते. औषध द्यायच्या आधी लेबल वाचावं.

मग येतो जखम ताणण्याचा व्यायाम. दर चार-सहा तासांनी, रात्री उठवूनसुद्धा, तीन-चार आठवडे बोटाने जखम चोळायला अनेक ठिकाणी सांगतात, नाहीतर पडदा पुन्हा चिकटेल म्हणतात. याने फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि २०२४ च्या अहवालात त्याची शिफारस नाही. तोटा मात्र दिसतो: तोंडाजवळ बोट आलं की बाळ मान फिरवतं, आणि काही दिवसांत स्तन आला तरी फिरवतं. वारंवार पाजणं, जागेपणी पोटावर पालथं खेळवणं, समोर बसून जीभ बाहेर काढून दाखवणं, एवढं पुरे. दोन-तीन दिवसांनी पकड आणि वजन पुन्हा बघायचं. महिनाभर वेगळ्या पद्धतीने चोखलेली जीभ एका छेदाने नवी रीत शिकत नाही. तिला थोडे दिवस लागतात.

बोलण्याचं भय हे तर लेसरचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. ‘आत्ता नाही कापलं तर बोबडा राहील.’ टंग-टायमुळे बोलायला उशीर होत नाही. दोन वर्षांचं मूल शब्द जोडत नसेल तर ऐकणं तपासावं, जीभ नाही. परिणाम झालाच तर तो टोक वर उचलून काढायच्या मोजक्या आवाजांवर होतो. मराठीत हे आवाज पुष्कळ आहेत: ल, र, न, आणि टोक मागे वळवून काढायचे ट, ड, ण, ळ. तरी यांतले काही आवाज निरोगी जिभेलाही चार-पाच वर्षांपर्यंत साधत नाहीत. शिवाय वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, कित्येक घरांत ‘पाणी’चं ‘पानी’ असतं. मूल घरात ऐकलेलंच बोलतं, त्यात दोष शोधायचा नाही. पाचेक वर्षांचं मूल तोंड मोठं उघडून जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे नेऊ शकत नसेल, दाढेत अडकलेला घास जिभेने काढू शकत नसेल, आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे काही महिने सराव करूनही तेच आवाज अडत असतील, तर मोकळं करण्याचा विचार व्हावा. त्या वयात नुसत्या लेसरपेक्षा छेद घेऊन टाके घालणं कधीकधी बरं, कारण उघडी जखम भरताना आकसते. आणि नंतर सराव पुन्हा चालू ठेवावाच लागतो.

ओठाचा पडदा, म्हणजे लिप-टाय, हे प्रकरण याहून सोपं आहे. वरच्या ओठाच्या आत मधोमध पडदा असणं ही नेहमीची रचना आहे. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये शंभर नवजात बाळं तपासली तेव्हा सगळ्यांना तो होता, आणि बहुतेकांत हिरडीच्या कडेजवळ उतरलेला होता. म्हणजे ‘तिसऱ्या श्रेणीचा लिप-टाय’ म्हणून जे दाखवतात ते बहुतांश बाळांचं साधं तोंड असतं. स्तनपानात वरचा ओठ फार बाहेर उलटावा लागत नाही. तो नुसता सैल टेकलेला असला तरी चालतं. जबडा वाढतो तसा पडदा वर सरकतो. पुढच्या दोन दातांमधली फट सात-आठव्या वर्षी उठून दिसते आणि अकरा-बाराव्या वर्षी सुळे आले की पुष्कळदा आपोआप मिटते. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली जे एकमत मांडलं त्यातही, पुढे फट पडू नये म्हणून बाळपणी ओठाचा पडदा कापू नये, असंच आहे. गालाचा तर मुळीच नाही. फट राहिलीच तर आधी तारांनी दात जवळ आणायचे, मग पडदा. आधी कापलं तर मधे घट्ट व्रण राहून दात जवळ येणं अवघड होतं.

दात आल्यावर ओठाच्या पडद्याची काळजी ब्रशशी येऊन थांबते. ओठ उचलताना तर्जनी पडद्यावर आडवी ठेवायची, म्हणजे ब्रशचा टोला त्यावर बसत नाही. एकदा लागलं की मूल आठवडाभर तोंड उघडत नाही आणि वरचे पुढचे दात किडायला लागतात, रात्री दूध पिणाऱ्यांचे तर लवकरच. चालायला शिकणारी मुलं पडतात आणि हा पडदा फाटतो. रक्त पाहून घर हादरतं. ओल्या थंड फडक्याने ओठ बाहेरून पाच-दहा मिनिटं दाबून धरायचा, टाक्यांची गरज सहसा पडत नाही. ओठ उचलून पुन:पुन्हा बघायचं नाही, दर वेळी रक्त नव्याने सुरू होतं. आणि जे बाळ अजून रांगतही नाही त्याचा पडदा फाटलेला दिसला, तर ते त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.